आठ वाडग्यांची भिंत

२ डिसेंबर, मंगळवार

आज पुन्हा तेच. पाहुणे लांबून आलेले, आवाज खणखणीत, विषयही चांगला. पण आपल्या सभागृहात एक वाक्य संपायच्या आत मागचं वाक्य भिंतीवर आपटून परत येतं आणि दोन्हींची खिचडी होते. पाहुणे पाणी प्यायला थांबले. मागच्या बाकांवरच्या पोरांना वाटलं, भाषण संपलं. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. टाळ्या इतक्या घुमल्या की पाहुणे दचकले आणि हातातल्या कागदाची घडी करून खाली बसले. निम्मं भाषण खिशात गेलं.

अठरा वर्षं मी याच सभागृहात एमएस्सीच्या पोरांना ध्वनी शिकवते. शिकवते म्हणजे काय, ओरडते. जूनअखेर निवृत्ती. मग नेकनूरला आईजवळ. या सभागृहाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, हे आज तिसऱ्या रांगेत बसून पक्कं केलं.

३ डिसेंबर, बुधवार

सभेत दोन विषय. पहिला, सभागृहातला घुमारा. संचालक सर म्हणाले, समोरच्या मोठ्या भिंतीला निळ्या फोमचे तयार तुकडे चिकटवू, विषय संपला. टिपणावर हिरव्या शाईत सही. आमच्या विद्यापीठ उपकेंद्रात हिरवी शाई फक्त त्यांच्याच पेनात असते. ती कागदावर उमटली की काम झालंच म्हणून समजायचं.

दुसरा, स्मारक भित्तिचित्र. आपली इमारत ज्या माळावर उभी आहे तिथं पूर्वी धनगरांची आठ घरं हिवाळाभर मेंढरं बसवायची. काट्याचं कुंपण घातलेली आठ वाडगी होती. विद्यापीठासाठी त्यांनी माळ सोडला. त्यांची आठवण म्हणून चित्र काढायचा ठराव कधीचा झालेला, फाईल जाडजूड. आज ठरलं की चित्रकलेच्या सलीम सरांनी ते व्हरांड्यात काढावं, पाण्याच्या कूलरशेजारी. मोठी भिंत फोमला लागणार ना.

आठ घरांनी अख्खा माळ दिला आणि आपण त्यांना कूलरशेजारची जागा देतोय. राग आला. तोंडातून शब्द मात्र फुटला नाही, याचा घरी आल्यावर जास्त राग आला.

७ डिसेंबर, रविवार. नेकनूर

आईकडे. दळण घेऊन गिरणीवर गेले. गिरणी चालू, शेजारच्याचं बोलणं कळेना. आणि तिथंच पायरीवर आमच्या गल्लीतले बाबूकाका डोक्यावरून घोंगडी घेऊन, आत मोबाईल धरून निवांत बोलत बसलेले. नातीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाले, "आत गिरणी न्हाईच ना. तू बघ की घिऊन."

घेतली. गिरणी दूर गेली. नाहीशी नाही झाली, पण चार घरं पलीकडे गेल्यासारखी वाटली. सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषतात, हे वाक्य मी अठरा वर्षं फळ्यावर लिहितेय. आज कळलं म्हणायचं.

आई गिरणीपर्यंत मला शोधत आलेली. "चारचौघात काय हे, प्रोफेसर हायस ना तू?"

मोठ्या भिंतीवर चित्र. घोंगड्यांचंच. धनगरांचं चित्र धनगरांच्या लोकरीत. फोमही नको आणि कूलरही नको. या नादात दळण गिरणीवरच राहिलं, आई पुन्हा गेली.

८ डिसेंबर, सोमवार

सलीम सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मैं चित्र काढू का घोंगड्या वाळत घालू?" रुसले. त्यांना ऑइल पेंटच हवा होता, त्यासाठी ब्रशही घेऊन ठेवलेले. मग मी काळी, पांढरी, तपकिरी लोकर अशी नुसती नावं घेतली, रंग न लावता मेंढीच्या अंगावरचेच.  सरांनी खिशातून खडू काढून टेबलावरच मेंढीची पाठ काढली, एका रेघेत.

संचालक सर सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "आधी करून दाखवा." पेनाला हात लावला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

शिरूर कासारच्या पुढं, माळ सोडलेली घरं जिथं गेली त्या वस्तीवर गेले. सलीम सर आणि मी, त्यांच्या मोटारसायकलवर. निम्म्या घरांना कुलपं, माणसं उसाला गेलेली. धनगरांच्या आळीत मात्र तीन माग चालू होते.

लिंबाआक्का दारात चरखा घेऊन बसलेल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील. माळावरच्या आठ घरांपैकी आता मागच्या पिढीतल्या त्या एकट्याच. मुलगा रामाअण्णा मागावर असतो. मी सगळं समजावून सांगितलं, घुमारा, भिंत, चित्र. त्यांनी सूत न तोडता ऐकलं.

"भित्तीला घोंगडं कावून? थंडी वाजती का तिला?"

सलीम सर इतके हसले की मागावरची माणसं बाहेर आली. मग आक्काही हसल्या. तिसरं वाडगं त्यांचं होतं. लग्न होऊन त्या माळावरच आल्या, रामाअण्णांचा जन्म तिथला. माळ सोडल्यापासून त्या बाजूला फिरकल्या नाहीत. एसटीतून जातानासुद्धा दुसऱ्या खिडकीकडं बघतात.

निघताना म्हणाल्या, "घोंगडी दिऊ. चित्र काढा न्हाईतर न्हाई. पर आठ घरांची नावं त्या सरकारी घरात कुणीतरी घ्या बाई. आजवर कुणी घेतली न्हाईत."

हो म्हणाले.  

१८ डिसेंबर, गुरुवार

वस्तीवरून वापरातल्या सोळा घोंगड्या मागून आणल्या. मोठ्या भिंतीपुढं वीतभर अंतर ठेवून दोऱ्या बांधल्या आणि वर टाकल्या. पोरं म्हणाली, सभागृहात धुणं वाळत घातलंय.

आधी रिकाम्या भिंतीसमोर टाळी वाजवली होती, तेव्हा चार मोजेपर्यंत आवाज फिरत राहिला. आता एक म्हणायच्या आत शांत. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. मी आनंदानं इतक्या टाळ्या वाजवल्या की शिपाई बघायला आला, काय कार्यक्रम चाललाय.

संचालक सरांनी स्वतः एक टाळी वाजवली. मग खोलीत नेऊन हिरव्या शाईत लिहून दिलं: पाच मार्च, वर्धापनदिन, सकाळी दहा वाजता पुन्हा टाळी. आवाज थांबला तर चित्र मोठ्या भिंतीवर राहील. नाही थांबला तर फोम, आणि घोंगड्या भांडारात. व्हरांड्यात ओल येते म्हणून तिथंही नाही.

रोखठोक माणूस. मला हे बरं वाटतं.

२१ डिसेंबर, रविवार

चित्र ठरलं. आठ वाडगी, प्रत्येकी दोन नव्या घोंगड्यांवर. काळी जमीन, पांढऱ्या-तपकिरी लोकरीनं भरलेली मेंढरं, काटे, एक मोठी बाभूळ. सलीम सर खडूनं रेघा मारणार, वस्तीवरच्या बायका आणि वसतिगृहाच्या मुली लोकर भरणार. मुलींची पुढारी रेणुका, माझी एमएस्सीची. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर. हात चालतो तिचा, तोंड त्याहून जास्त.

वापरातल्या घोंगड्या परत केल्या. एक मात्र माझ्या खुर्चीवर राहिली. राहिली म्हणजे मीच ठेवली.

११ जानेवारी, रविवार

वस्तीवर. मागावर नव्या घोंगड्या. चिंचोक्याची खळ शिजत होती, तिचा काय तो वास. रामाअण्णा कुंच्यानं ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ देत होते, एक हात देऊन झाल्यावर वाळवून पुन्हा एक. मी कौतुकानं बघत बसले. म्हणाले, "हे सरकारी घरचं काम हाय म्याडम. कमी पडू देणार न्हाई." मी म्हटलं, किती मन लावून करता हो तुम्ही.

आक्कांनी बाजरीची भाकर आणि ठेचा दिला. तिसऱ्या वाडग्यात कोणती मेंढी कुठं बसायची ते सलीम सरांना बोटानं जमिनीवर काढून दाखवत होत्या. एक मेंढी लंगडी हवी म्हणाल्या. सरांनी पाय आखूड केला. मालकांचा पटका लाल होता, तोही पाहिजे. लाल लोकर कुठून आणायची?

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर सगळ्या मुली सभागृहातच बसल्या, लोकर भरायला. रेणुकेनं बाभळीवर एक होला पक्षी बसवला, कुणी सांगितलेलं नसताना. सलीम सर आधी चिडले, मग म्हणाले, राहू दे, बरा बसलाय. इतक्या वर्षांत या सभागृहात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. घुमाऱ्यात पोरींचं हसणं चौपट ऐकू येत होतं. तो एक फायदा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सोळाही घोंगड्या चौकटींवर ताणून भिंतीला लावल्या. काय दिसतंय चित्र. आठ वाडगी, काळ्याभोर जमिनीवर पांढरे ठिपके ठिपके, लांबून बघितलं तर मेंढरं खरंच बसलेली. सलीम सरांनी मला न विचारता आक्कांच्या मालकांच्या डोक्याला ऑइल पेंटचा लाल पटका लावलाच. रागवावंसं वाटलं, रागवले नाही. चांगला दिसतो.

मग टाळी वाजवली.

चार मोजले. जवळजवळ चार.

पुन्हा वाजवली. मग रेणुकेनं वाजवली. तेच.

संचालक सर दारात होते. ओरडले नाहीत, हसले नाहीत. "फोमवाल्याला कळवून ठेवू?" एवढंच. मी म्हटलं, पाच मार्च अजून आलेला नाही. त्यांनी पेन खिशात परत ठेवलं.



११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी लवकर एकटीच सभागृहात. तीच लोकर, तेच अंतर, तीच भिंत. मग बिघडलं काय? खुर्चीवरची जुनी घोंगडी आणून नव्या घोंगडीशेजारी धरली. जुनी हातात चुरगळते, नवीन वाजते. बोटानं टिचकी मारली तर पापडासारखी वाजली.

रामाअण्णांना फोन केला. ते खुशीत. "दोन डाव खळ दिली म्याडम. लेकीच्या लग्नातली मानाची घोंगडी आसती ना, तिला आसंच करतेत. उभी केली तर उभी ऱ्हाती."

माणसानं मान म्हणून दिलेली गोष्ट. तिनंच छिद्रं बुजवली. आणि मी? जुन्या घोंगड्यांवर प्रयोग केला आणि नव्या मागवल्या. वर खळ देताना समोर बसून कौतुक केलं. पहिल्या वर्षाच्या पोरानं अशी चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढला असता.

रामाअण्णांना यातलं काही सांगितलं नाही. खूप छान झालंय म्हटलं आणि फोन ठेवला. ते खोटंही नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सलीम सरांनी परस्पर वस्तीवर जाऊन सगळं सांगून टाकलं. वर आक्कांना गाडीवर बसवून घेऊन आले. मी सरांवर जाम भडकले. पण आक्का फाटकातून आत येत होत्या, इतक्या वर्षांनी, म्हणून तोंड आवरलं.

त्या सभागृहात आल्या. भिंतीकडं बघत बराच वेळ उभ्या. लंगड्या मेंढीला हात लावला. पटक्याला हात लावला. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. माझेही वाहिले.

मग घोंगडीचा कोपरा मुठीत धरून सोडला आणि एकदम कामाला लागल्यासारख्या म्हणाल्या, "ही कोरी हायेत. घोंगडं कोरं असल्यावर कुणाच्याच कामाचं नसतं. न्हदीला न्या, तुडवा. पाणी खळ काढल. मऊपणा मातर माणसाच्या अंगानं येतो. पोरींना पांघरायला द्या."

"चित्र?" सलीम सर.

"लोकरीत लोकर भरलीय. ती कुठं जाती? आजून घट धरल."

रामाअण्णा वाईट वाटून घेतील का, असं विचारलं. म्हणाल्या, त्याला काय वाटायचंय, लेकीचं घोंगडंबी ती सासरी वापरती तवाच मऊ होतं ना.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सिंदफणेवर. जिथं पाणी आहे अशी जागा शोधायलाच तास गेला. सोळा घोंगड्या, बावीस पोरी, आक्का काठावर दगडावर बसून हुकूम देतायत. रिठ्याचा फेस, त्यात पोरी ओळीनं नाचल्यासारख्या तुडवतायत. खळीचं पाणी दुधाळ होऊन वाहत होतं. रामाअण्णाही आले. कमरेपर्यंत धोतर खोचून तुडवायला उतरले, कुणी काही म्हणायच्या आधी. "एक डाव द्यायला पायजे व्हती," एवढं आपणहून बोलले. मी म्हटलं, मीच त्याच वेळी सांगायला हवं होतं. मग दोघांनी मिळून तिसरं वाडगं पिळलं.

मीही उतरले. गुडघा दुखतोय. दुखू दे. असा दिवस कित्येक वर्षांत गेला नव्हता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सोळा मुलींना सोळा घोंगड्या वाटल्या. रेणुकेनं यादी केली, कोण कोणत्या वाडग्यात. भांडण झालं, लंगडी मेंढी सगळ्यांनाच हवी. वसतिगृहाच्या अधीक्षिका बाईंची वासाबद्दल तक्रार आली. मी उत्तर दिलं की ही वापरण्याची वस्तू नसून चालू असलेला प्रयोग आहे. त्यांनी ते नोंदवून घेतलं.

रेणुकेनं कारखान्यावर आईला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते. "आई, मी आता युनिव्हर्सिटीची भिंत पांघरून झोपते."  पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण रेणुका म्हणाली, "न्हाई गं, शाबूत हाय डोकं. तू आल्यावर दाखवते."

२५ फेब्रुवारी, बुधवार

पाचव्या वाडग्यावर चहा सांडला. सलीम सर तासभर ओल्या फडक्यानं पुसत राहिले. डाग निघेना. शेवटी तेच म्हणाले, वाडग्यात पाणी साचतंच की कधीतरी.

मुली घोंगड्या अंगावर घेऊन अभ्यास करतात, खाली घालून बसतात, गच्चीत उन्हात टाकतात. रोज जाऊन मी प्रत्येकीचा कोपरा मुठीत धरून बघते. मुली मला बघितलं की आपणहून कोपरा पुढं करतात.

धास्ती आहेच. पाच मार्चला आठ दिवस.

३ मार्च, मंगळवार

पुन्हा चौकटींवर लावल्या. आता पहिल्यासारख्या ताठ नाहीत, जरा सैल, अंगासरशा. मेंढरं फुगून वर आलीयत. बाभळीवरचा होला थोडा वाकडा झालाय. चित्र आधी चांगलं होतं, आता ते जुनं वाटतं, जणू माळाबरोबर आलंय.

टाळी वाजवायला धीर होईना. रेणुका म्हणाली, पाच तारखेलाच वाजवा, आज नको. कधी नव्हे ते तिचं ऐकलं.

५ मार्च, गुरुवार

दहाला पाच कमी. सभागृह भरलेलं. आठही घरांतली माणसं पुढच्या रांगेत, फेटे, नऊवारी, लहान पोरं. संचालक सर मंचावर आले. सगळ्यांसमोर टाळी वाजवली, एकच.

थांबली. हातातून निघाली आणि तिथंच थांबली.

त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुन्हा एक वाजवली, बहुतेक स्वतःच्या खातरीसाठी. मी रडायला लागले, उघडपणे, साठीला टेकलेली बाई. सलीम सरांनी रुमाल दिला, त्याला टर्पेंटाइनचा वास.

मग आक्का. संचालक सरांनी माईक खाली करून दिला. आक्कांनी तो बाजूला सारला. "हे कावून? मेंढराला हाक मारताना कुठं लागतं?"

आठ घरांची नावं घेतली. घरमालकाचं, मग मालकिणीचं, मग त्या वाडग्यातल्या एखाद्या मेंढीचं किंवा कुत्र्याचं. मी उठून शेवटच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले, अठरा वर्षं जिथं माझा आवाज पोचला नाही तिथं. प्रत्येक नाव लख्ख आलं. दोन नावांच्या मधला श्वाससुद्धा. तिसऱ्या वाडग्याला त्यांनी मालकांचं नाव घेतलं, माळावर घेतलं नसेल कधी. पुढच्या रांगेतल्या बायका पदराआड हसल्या, आक्का पण हसल्या.

पाणी प्यायला त्या थांबल्या. मागच्या बाकावरून कुणीही टाळी वाजवली नाही. सगळ्यांना कळत होतं, अजून संपलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

फोम रद्द. चित्र मोठ्या भिंतीवर राहणार. हिरव्या शाईत लिहिलंय, पण पुढं एक ओळ आहे: तूर्त एक वर्षासाठी.

काल जाताना आक्का मला बाजूला घेऊन सांगून गेल्या. नुसत्या टांगून ठेवलेल्या घोंगड्याला कसर लागते, किडा लोकर खातो. पावसाळ्यात ऊन पडलं की उतरवून बाहेर टाकायची, कडुलिंबाचा पाला घालायचा. आणि दर हिवाळ्यात पोरींना पांघरायला द्यायची, मग धुऊन परत भिंतीला. वापरात असली तर पन्नास वर्षं टिकतील, नुसती ठेवली तर पाचही नाहीत. हिवाळ्यात मग सभागृहात काय करायचं, असं विचारलं. म्हणाल्या, थंडीत भाषणं कमी ठेवा. याला माझा पूर्ण पाठिंबा.

१२ मार्च, गुरुवार

अर्ज दिला. विषय: स्मारक भित्तिचित्र दरवर्षी हिवाळ्यात वसतिगृहातील विद्यार्थिनींना पांघरण्यासाठी देणेबाबत. टंकलेखक दोनदा विचारायला आला, विषय बरोबर आहे ना.

संचालक सर म्हणाले, स्मारक भिंतीवरून उतरवायचं असा नियमच नाही कुठं. मी म्हटलं, उतरवायचं नाही असाही नाही. ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. निर्णय मात्र नाही.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

नेकनूर. आईला फोटो दाखवले. बाबूकाकाही आले, नातीचं लग्न ठरलं. "माझी घोंगडी आता मोठ्या साहेबाच्या दरबारी लागली," असं काका गावभर सांगतायत. त्यांची एकही नाही त्यात. पण काही म्हटलं नाही, सुरुवात त्यांच्याच डोक्यावरून झाली.

आई म्हणते, जूननंतर तुझ्या खोलीला रंग देऊ. जूननंतर. चार दिवस झाले, हा शब्द आला की माझ्या डोळ्यांपुढं पावसात ओलसर झालेली तिसऱ्या वाडग्याची कड येते.

२ एप्रिल, गुरुवार

अर्जाला उत्तर नाही. पण रेणुकेनं सभागृहाच्या दाराशी कागद चिकटवलाय: पुढच्या हिवाळ्यात कोणाला कोणतं वाडगं. परवानगी कुणी दिली, कुणास ठाऊक. सोळा ओळी, सोळाही भरलेल्या. लंगड्या मेंढीपुढं तीन नावं, दोन खोडलेली.

आज दुपारी जाताना बघितलं, तळाशी नवीन ओळ. हिरव्या शाईत. "पावसाळ्यात कोण सांभाळणार?" खाली रेघ मारून जागा सोडलेली, एका नावापुरती.

बराच वेळ उभी राहिले. आत सभागृहात कुणीतरी पोरगी वाचून दाखवत होती, दारापर्यंत शब्द न् शब्द येत होता. पर्समध्ये पेन होतं. काढलं नाही.

संध्याकाळी स्टँडवर गेले होते, भाजी आणायला. सहज चौकशी केली. नेकनूरहून सकाळी साडेसातची गाडी आहे, रोज, पावसाळ्यातही. सांगितलं तर विद्यापीठाच्या कमानीपाशी थांबवतात.